जपानचं जेवण

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे उकंडा, रागावले की बोलत नाहीत. आणि मी रागावले की थांबत नाही. अशी दोन माणसं एका घरात राहायची म्हणजे मधे एक गरीब माणूस लागतोच. तो माझा नवरा, नागोराव. त्या पाडव्याला त्याचं जे भरीत व्हायचं होतं ते कसं टळलं, ते सांगायला मी बसले आहे. सांगताना माझी थोडी बढाई होईल. ती ऐकून घ्या, कारण दुसरं कोणी माझी बढाई करत नाही.

नेरच्या कापूस बाजारात आदल्या हंगामात एक जपानी साहेब आला होता. अंगात काळा कोट, ऊन असं की बैलांनी जिभा बाहेर काढलेल्या, आणि साहेबाला घाम नाही. सोबत मुंबईचा एक दुभाषा. जिनिंगच्या आवारात एका ढिगापाशी उभं राहून साहेब विचारू लागला, हा कापूस कसा? अडते म्हणाले, एक नंबर. जिनवाला म्हणाला, एक नंबर. ज्याचा कापूस तो तर एक नंबर म्हणणारच. तिथं रोजीनं काटा लावणारा आमचा माणूस, नागोराव, उभा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "वरचा एक नंबर हाय. खालचा मले माहीत नाही, माहा हात तिथलोक गेला नाही."

जगात याला मूर्खपणा म्हणतात. साहेबानं त्याला नोकरी दिली.

नोकरी म्हणजे सायकल घेऊन आसपासच्या जिनिंगांत हिंडायचं, कापसात पाणी मारलं आहे का, जुना माल नव्यात ढकलला आहे का ते बघायचं, मूठमूठभर नमुने निळ्या कागदात बांधायचे आणि पार्सलानं मुंबईला पाठवायचे. तिथून ते बोटीनं ओसाकाला जात. आमच्या घराच्या ओसरीवर निळ्या पुड्यांची रांग लागे, आणि वस्तीतल्या बाया विचारत, "व सत्यशीला, कायची औषधं व्हय ही?" मी म्हणे, "जपानले खोकला झाला."

आता मामाजींचं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात ठेवलेल्या गड्याला सालदार म्हणतात. साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. त्याला कागद लागत नाही की साक्षीदार लागत नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी मालकाकडून सुपारी येते. दुसऱ्या दिवशी मालकाच्या घरी जाऊन जेवलं की माणूस वर्षभराचा बांधला गेला. जेवायला गेला नाही, की सुटला. दोन्हीकडून कोणी एक शब्द बोलायचा नाही. मामाजी ऐन तरुणपणापासून किसनरावांचे सालदार होते. किसनराव म्हणजे नेरमधले मोठे शेतकरी. बाजारात त्यांची कापसाची अडतही आहे. छप्पन सालच्या दसऱ्याला मामाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पुढच्या पाडव्याला किसनरावांकडून सुपारी आली. मामाजी जेवायला गेले नाहीत. तेव्हापासून ते रोजीनं काम करत, मनाला येईल त्याच्या वावरात, पण साल म्हणून कोणाचं धरलं नाही. आणि त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं, "आता या घरातला मानूस कोनाच्या पाडव्याले जेवनार नाही."

म्हणून नागोरावला नोकरी लागली तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, मालक कोण?

"जपानची कंपनी," नागोराव म्हणाला.

"जपान म्हंजे कोनता गाव?"

मी मधे तोंड घातलं. "मामाजी, देश हाय तो. बुद्धाचे लोक हाय तिथं."

मामाजींनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मंग हरकत नाही." त्या दिवसापासून नेरच्या बाजारात जो भेटेल त्याला ते सांगत, माहा पोरगा बुद्धाच्या देशाच्या कामावर हाय. सांगताना मान अशी ताठ करत की फेटा मागं पडायचा बाकी राहावा.

हे असं सगळं गोडीत चाललं होतं आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी खेमसिंग आला. खेमसिंग हा किसनरावांचा सध्याचा सालदार, तांड्यावरचा. माणूस भला, पण त्याच्या पोटात सकाळची गोष्ट दुपारपर्यंत राहत नाही. मामाजी अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते. नागोराव सायकल पुसत होता. खेमसिंगनं तळहातावर सुपारी ठेवून हात पुढं केला.

"नागोभाऊ, घे. मालकानं धाडली."

"कायची सुपारी?" मामाजींनी विचारलं.

"पाडव्याची. उद्या जेवाले बलावलं ना."

"याले? याले कायले?"

"काका, नागोभाऊ मालकाच्या नावावर हाय ना आता. नावावरच्या साऱ्यायले बलावते मालक."

मामाजींचा दोर वळता हात थांबला. मी दारात पीठ चाळत होते, माझाही थांबला. कारण ही गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. खेमसिंगला वाटलं आपण चांगली बातमी दिली. त्यानं सुपारी दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली, राम राम केला आणि गेला.

नागोराव सांगायला लागला. घाबरला की तो भराभर बोलतो. "बाबा, ते कागदापुरतं हाय. कंपनीले इथं मानूस पाह्यजे, पन इथं दुकान मांडाचं नाही. अन् दुकान मांडल्याबिगर इथल्या कायद्यानं मानूस ठेवता येत नाही म्हनते. दुकान मांडाचं म्हटलं त दिल्लीपावतर खेटे. म्हनून साहेबानं मले किसनरावच्या अडतीच्या नावावर घातलं. काम सारं साहेबच सांगते. कामावरून काढाचं त साहेबच काढन. किसनरावचं निस्तं नाव."

"पगार कोनाच्या हातून घेतं?"

"येते जपानातूनच..."

"मी हात इचारला."

नागोराव खाली बघत म्हणाला, "किसनरावच्या."

मामाजींनी दोर बाजूला ठेवला. "तिथं जेवला त इथं जेवू नोको," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांच्या त्या 'नोको'ला परतीचा रस्ता नसतो, हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग जाऊ नये जेवायला. बरोबर. पण किसनराव हे असे गृहस्थ की त्यांच्या दृष्टीनं पाडव्याला जेवायला न आलेला माणूस सुटलेला माणूस. ते परवा मुंबईला कळवणार, नागोराव काम सोडून गेला. नाव गेलं की नोकरी गेली. नाव द्यायला दुसरा कोण बसला होता? आणि नोकरी गेली की मग राजूर. वणीकडे राजूरला कोळशाची खाण आहे, तिथं नागोरावचा चुलतभाऊ होता, आणि तो कधीचा म्हणत होता, ये, लावून देतो. मला खाणीची भीती वाटते. उगीच काही कारण काढत नाही, सरळ भीती वाटते. ज्या माणसाला घरातल्या कोठीतून ज्वारी आणायला दिवा लागतो, त्यानं जमिनीच्या पोटात काय म्हणून उतरावं?

"मी जातो अन् दोन घास खाऊन येतो," नागोराव कुजबुजला.

"दोन घासांनंच त साल बांधल्या जाते."

"मंग नाही जात."

"अन् नोकरी?"

"मंग जातो."

तव्यावरची भाकरी परतावी तसा माझा नवरा दुपारपर्यंत इकडून तिकडं होत राहिला. शेवटी माझंच डोकं तापलं. हे पुरुष लोक कंपनी काढतात, कंपनी काढत नाहीत, नाव देतात, नाव घेतात, आणि राजूरला जायची पाळी आमच्या घरावर! मी कोनाड्यातली सुपारी उचलून कमरेला खोचली, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. "कुठं जातं?" म्हणून नागोराव मागं आला. मी म्हटलं, "जपानले."

हंगाम संपत आला होता, त्यामुळे अडतीवर गर्दी नव्हती. किसनराव गादीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मला ओळखलं.

"नागोरावची घरवाली ना तू? बोल बाई. पावली ना सुपारी?"

"पावली. तुमी आमचे मालक कवापासून झाले?"

दिवाणजीनं मान वर केली. किसनरावांनी त्याला पाणी आणायला पिटाळलं. माणूस शहाणा होता.

"मी कायचा मालक?" ते म्हणाले. "साहेब मले म्हनला, आमाले इथं कंपनी काढाची नाही, पन मानूस पाह्यजे. तुमी आपलं नाव द्या. मी म्हनलं, नाव द्याले काय जाते आपलं? देल्लं."

"म्हंजे नवरदेव जपानात अन् बाशिंग तुमच्या कपाळाले."

किसनराव मोठ्यानं हसले. "तसंच समज."

"मंग जेवाले कायले बलावता? बाशिंग बांधलं म्हनून काय संसार करता?"

हसू गेलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "हे पाय बाई. खरा असो का खोटा, मानूस माह्या नावावर हाय. पाडव्याले माह्या नावाचा मानूस माह्या घरी जेवला नाही, त तो माहा नाही. माह्या बापानं असंच केलं, मी असंच करून राह्यलो. उद्या तो आला नाही त मी कळवून टाकीन, मानूस गेला. खोटं नाव मी ठेवत नसतो."

किसनरावांचं हेच दुखणं होतं. लबाड असते तर सोपं गेलं असतं. लबाड माणसाला काहीतरी हवं असतं आणि ते देऊन मोकळं होता येतं. या माणसाला काही नको होतं. त्याला फक्त पाडवा पाळायचा होता.

"उकंडा काय म्हनते?" त्यांनी विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"काहीच नाही म्हनत."

"मंग रागावला तो," किसनराव म्हणाले. मामाजींना ओळखणारं माझ्याखेरीज आणखी एक माणूस नेरमधे आहे, हे मला तेव्हा कळलं.

खरं सांगते, मी भांडायला गेले होते, डोकं चालवायला नाही. पण भांडणात काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "अन् नाव देल्ल्याचं तुमाले काय भेटते?"

किसनराव खाकरले. "भेटते थोडंबहुत. महिन्याच्या महिन्याले."

"कोन देते?"

"कंपनीच देते. दुसरं कोन देईन?"

आणि तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खाली बसलेच, बस म्हणायची वाट न पाहता.

"म्हंजे पैसा त्यायले कंपनी देते, कामाचा. अन् पैसा तुमाले बी कंपनीच देते, नावाचा. मंग किसनराव, तुमी बी कंपनीचेच सालदार ना. एक कामाचा, एक नावाचा."

"काहीतरीच बोलतं."

"मी नाही बोलत, तुमचाच न्याव बोलते. मले सांगा, पाडव्याले तुमाले जेवाले कोन बलावते?"

"मले? कंपनी कायले बलावीन? ते लोक समुद्रापार."

"मालक समुद्रापार हाय म्हनून पाडवा चुकते काय? तुमच्या बापानं चुकू देल्ला असता?"

मी बापाला मधे आणलं होतं, आणि बाप मधे आला की या लोकांना पळता येत नाही.

"नेरमधी जपानचं घर एकच हाय, ते आमचं," मी म्हटलं. "नमुने आमच्या ओसरीवर बांधल्या जाते. साहेब आला तवा चहा आमच्या घरी पेला. उद्या जपानचं जेवन हाय, आमच्या घरी. तुमाले बलावनं देऊन राह्यली." मी कमरेची सुपारी काढून त्यांच्या गादीवर ठेवली. "आले नाही त आमी समजू, मानूस गेला. नागोराव कळवीन मंग साहेबाले, नाव देनारा गेला म्हनून."

बोलून तर गेले. मग माझ्याच लक्षात आलं की मी काय बोलले. किसनरावांच्या घरातल्या कोणीही आमच्या वस्तीत कधी पाणी प्यालेलं नव्हतं. साहेब चहा प्याला होता, ते खरं. पण साहेबाला काय ठाऊक कोणाच्या घरी काय प्यायचं नसतं ते? किसनराव त्या सुपारीकडे बघत राहिले. दिवाणजी पाणी घेऊन दारात उभा होता, त्याला आत यावं की नाही कळेना.

"घरी इचारून पाहातो," किसनराव शेवटी म्हणाले.

मी घरी परत आले. नागोरावला सांगितलं तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "त्यायले जेवाले बलावलं? आपल्या घरी? सत्यशीला, तुह्यानं गप्प बसनं होत नव्हतं काय?" मी म्हटलं, होत नव्हतं. मामाजी भिंतीकडे तोंड करूनच होते, पण झोपलेल्या माणसाचे कान इतके ताठ नसतात. मी मोठ्यानं म्हटलं, "मामाजी, उद्या आपल्या घरी पाडवा नाही. जपानचं जेवन हाय."

दुसऱ्या दिवशी गावातल्या घरांवर गुढ्या लागल्या. आमच्या वस्तीत गुढी नसते. पुरणही मी मुद्दाम घातलं नाही, नाहीतर मामाजींनी म्हटलं असतं की हा पाडवाच झाला. मी गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, वरण केलं, शेजारून तूप आणलं. हात काम करत होते आणि मन राजूरला जाऊन येत होतं.

उन्हं चढली. किसनरावांकडची सालदारांची पंगत उठली असेल एवढा वेळ झाला. खेमसिंग जेवून तांड्याकडे चालला होता, तो आमच्या दारावरून गेला आणि जाता जाता बातमी टाकून गेला. "मालक अन् मालकीन मैनाबाईचं भांडन लय जोरात चालू हाय. मैनाबाई म्हनते, जाचं त जा, पन मंग न्हाल्याबिगर घरात येऊ नोका." एवढं बोलून तो गेला. मी रोडगे पुन्हा राखेत झाकले. माझ्या मनात आलं, संपलं. आता नागोरावच्या दोन धोतरांची घडी घालायला घ्यावी.

नागोराव ओसरीवर निळ्या पुड्या उगीच या रांगेतून त्या रांगेत लावत होता. मामाजी ओट्यावर बसले होते. आदल्या दिवसापासून ते अन्नाला शिवले नव्हते. मला त्यांचाही राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती. दोन्ही एकाच वेळी आलं की मला भांडी आपटण्यापलीकडे काही सुचत नाही.

आणि वस्तीच्या तोंडाशी बायांचं बोलणं एकदम बंद झालं. मी दाराआडून बघितलं. किसनराव एकटेच येत होते. पायी, हातात छत्री, धोतर नवं. दोन्ही बाजूंनी लोक दारांत उभे होते आणि ते कोणाकडे न बघता, नाल्यातल्या दगडांवरून चालावं तसे जपून पावलं टाकत येत होते. आमच्या अंगणात येऊन थांबले. मामाजी उठले नाहीत.

"उकंडा."

"हं."

"तुह्या सुनेनं बलावलं मले."

"माहीत हाय."

"येऊ काय आत?"

मामाजींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मामाजींचं साल सुटल्यापासून पहिल्यांदाच ते एकमेकांशी बोलत होते. "कोनाच्या नावानं येऊन राह्यले?" मामाजींनी विचारलं.

किसनरावांनी छत्री मिटली. "जपानच्या."

मामाजींनी वाटेतले पाय बाजूला घेतले.

मी आत तीन पाट मांडले होते, एका ओळीत. किसनराव बसले, त्यांच्या शेजारी नागोराव बसला. घाबरल्यामुळे तो पाटाच्या इतका कडेला बसला होता की पाट उलटायचा. मामाजी दारातच उभे.

"तू नाही बसत?" किसनरावांनी विचारलं.

"मी कुठं जपानचा?"

"मामाजी," मी म्हटलं, "बुद्धाचे त हाय ना? बसा."

ते बसले. मी वाढलं. किसनरावांनी रोडगा फोडला, तूप घेतलं, भाजीत बुडवला, आणि घास हातातच ठेवून थांबले. मला वाटलं, इथवर आले पण तोंडात काही जात नाही. पण ते काही वेगळंच बोलले.

"उकंडा, त्या साली मी तुह्या वाटचं पान मांडून ठेवलं होतं. पार सांज होयेपावतर. मले वाटलं तू येशीन."

"कुठं मांडलं होतं?" मामाजींनी विचारलं.

किसनरावांनी हातातला घास पुन्हा भाजीत बुडवला.

"सांगा ना. पान कुठं मांडलं होतं?"

"गोठ्यापाशी," किसनराव म्हणाले.

"म्हनून नाही आलो," मामाजी म्हणाले.

तुपाचं भांडं हातात धरून मी तशीच उभी राहिले. मामाजींनी ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नव्हती. इतकी वर्षं त्या घरचं साल केलं, आणि दर पाडव्याला जेवायला बसायचं ते गुरांच्या शेजारी. हे त्यांनी पोराला सांगितलं नव्हतं की सुनेला, आणि आज ज्याला सांगायचं त्याला सांगितलं. मला त्या क्षणी नोकरीचं काही वाटेना. जाऊ द्या ती नोकरी, असंही वाटून गेलं. फक्त या माणसानं आता काही सारवासारव करू नये, माझ्या बापानं असंच केलं म्हणू नये, एवढंच वाटत होतं.

किसनरावांनी सारवासारव केली नाही. "हाव," ते म्हणाले. "तिथंच मांडलं होतं." आणि हातातला घास त्यांनी तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा घेतला. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"बाई, मीठ कमी हाय भाजीत," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "तिच्या हातात मीठच नाही. सारं जिभेवर हाय."

नागोरावला हसू आवरेना. तो हसला तसा पाट खरंच कलंडला, आणि तो पडता पडता किसनरावांच्या खांद्याला धरून सावरला. मग किसनराव हसायला लागले. मामाजी हसले तेव्हा त्यांना ठसका लागला आणि किसनरावांनी आपल्या समोरचा पाण्याचा गडवा त्यांच्याकडे सरकवला. मी आतून मीठ आणलं आणि सगळ्यांच्या पानात भराभर टाकलं, गरज असो की नसो.

किसनराव पोटभर जेवले. मागून घेऊन जेवले. निघताना अंगणात उभं राहून मोठ्यानं, म्हणजे वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले, "चला, आमचं बी साल झालं पक्कं. आता मैनाबाईसमोर जातो." छत्री उघडून ते आले तसेच गेले, फक्त आता पावलं सरळ पडत होती. वाटेत एका म्हातारीला त्यांनी राम राम घातला, तिनं जय भीम म्हटलं, आणि दोघंही आपापल्या वाटेला लागले.

मी चुलीपाशी जाऊन बसले आणि रडायला लागले. चांगली हुंदके देऊन रडले. माझा माणूस खाणीत उतरणार नव्हता. तो उद्या सायकलवर बसून जाणार होता, आणि संध्याकाळी केसांत सरकी आणि अंगावर कापसाचे धागे घेऊन परत येणार होता, आणि मी त्याला ओरडणार होते की आधी अंगणात झटक. एवढंच तर मला हवं होतं. इतकं हलकं मला पुढं बाळंतपणानंतरच वाटलं असेल.

मामाजी आत आले. मला बघून घुटमळले. आमच्या सासऱ्यांनी मला रडताना कधी बघितलं नव्हतं. ओरडतानाच बघितलं होतं.

"काहून रडतं?"

"सुटली म्हनून," मी म्हटलं.

त्यांनी राखेतून उरलेला एक रोडगा काढला, हातावर झटकला, फोडला आणि माझ्या समोरच्या ताटात ठेवला. वर तूप घातलं, जरा जास्तच.

"जेवून घे," ते म्हणाले. "अन् नागोले सांग, उद्या येळेवर जाजो म्हना कामाले."